नित्य म्हणजे रोज

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नेलचं, सुरक्षेचं नवं पॅकेज बसवून मी सर्व्हर रीबूट केला आणि पडद्याकडे बघत थांबलो. त्याआधी तो सर्व्हर ४१२ दिवस अखंड चालू होता. मशीन उठलं, नेटवर्क आलं, लॉगिनही झालं. फक्त इलास्टिकसर्च हा शोधाचा प्रोग्राम उठेना. लॉग उघडला तर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं : मेमरी मॅपची मर्यादा ६५५३० आहे, ती किमान २६२१४४ हवी.

दुसरा आकडा मला पाठ होता. ४१२ दिवसांपूर्वी मीच तो या मशीनला दिला होता. इलास्टिकसर्च शोधासाठी केलेल्या अनुक्रमणिकांच्या फायली मेमरीला जोडून घेऊन वाचतं, आणि एका प्रोसेसनं असे किती तुकडे जोडून घ्यायचे याची मर्यादा कर्नेल ठरवतं. ती वाढवायला एक ओळ पुरते. सिसकंट्रोल, डॅश डब्ल्यू, सेटिंगचं नाव, आकडा. एंटर दाबला की त्याच क्षणी लागू. ती त्या दिवशी लागू झाली, ४१२ दिवस लागू राहिली आणि रीबूटच्या एक-दोन मिनिटांत मागमूसही न ठेवता गेली.

मी तीच ओळ पुन्हा टाइप केली. पंधरा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. शोध नीट चालतोय, अनुक्रमणिका शाबूत आहेत, याची खात्री करता करता चार वाजले. लॅपटॉप मिटणार तेवढ्यात न्हाणीघरातून तांब्याचा आवाज आला. नाना उठले होते.

नाना, माझे वडील, लोणंदजवळच्या आमच्या गावी राहतात. तेव्हा डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला माझ्याकडे आले होते. आंघोळ करून, गोपीचंदनाचा टिळा लावून ते देवासमोर उभे राहिले आणि त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर उजवा हात ठेवला. ओठ हलले. अर्धं मिनिट, फार तर. हे मी लहानपणापासून नाही, पण गेली बारा वर्षं बघत आलो होतो, आणि कधी विचारलं नव्हतं. त्या पहाटे विचारलं.

“नाना, माळेला हात लावून रोज काय म्हणता?”

“तंबाखू सोडतो.”

“ती तर बारा वर्षांपूर्वीच सोडलीत तुम्ही.”

“ती तवाची तवा सोडली. आजची आज सोडायची.”

एवढं बोलून ते हरिपाठाला बसले. मी लॅपटॉप मिटला नाही. माझ्यासमोर जो प्रश्न होता त्याचं उत्तर माझ्या क्षेत्रातल्या कोणत्याही माणसाला ठाऊक असतं. पण तो प्रश्न किती जुना आणि किती खोल आहे हे मला त्या पहाटेपर्यंत उमगलं नव्हतं. प्रश्न असा : एकदा मनापासून केलेला निश्चय राहतो कुठे? आणि तो जातो तेव्हा नेमकं काय जातं?

आधी यंत्राचं सांगतो, कारण ते सोपं आहे. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची एक डिरेक्टरी असते. तिच्यात कर्नेलची शेकडो सेटिंगं फायलींच्या रूपात दिसतात. फाइल उघडली की आकडा दिसतो, योग्य ते अधिकार असतील तर बदलताही येतो. पण त्या फायलीचा आकार विचारला तर उत्तर येतं शून्य बाइट. ती डिस्कवर कुठेच नसते. चालत्या कर्नेलच्या मेमरीत डोकावायची ती एक खिडकी आहे. कर्नेल जिवंत आहे तोवर खिडकीतून दिसणारा आकडा शंभर टक्के खरा असतो, सगळी प्रणाली त्याच्यावरच चालते. कर्नेल थांबलं की खिडकीही नाही आणि आकडाही नाही.

म्हणजे माझी ती ओळ खोटी नव्हती. ४१२ दिवस तिनं प्रामाणिकपणे काम केलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण माणसाचा निश्चय मोडला की आपण लगेच म्हणतो, मुळात त्याच्या मनातच नव्हतं. आमच्या आप्पांना, नानांच्या धाकट्या भावाला, तोंडाचा कर्करोग झाला होता. नीरेच्या काठी त्यांना अग्नी दिला तेव्हा मी कॉलेजात होतो. चिता पेटल्यावर नानांनी कमरेची चंची काढली आणि तंबाखू, चुन्याची डबी, सगळं तिच्यासकट आगीत टाकलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. आणि तेराव्याचं जेवण उरकल्यावर मांडवाच्या मागे एका भावकीतल्याकडून चिमूटभर तंबाखू मागून घेताना मी त्यांना पाहिलं. त्या चेहऱ्यावरही लबाडी नव्हती. केवळ मधले तेरा दिवस गेले होते.

आपल्या भाषेनं याला केव्हाच नाव देऊन ठेवलंय : स्मशानवैराग्य. या शब्दात उपहास आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही. स्मशानातलं वैराग्य खरंच असतं, खिडकीतल्या आकड्याइतकं खरं. त्याला राहायला जागा कुठे दिलेली नसते, एवढीच त्याची उणीव.

ही उणीव अर्जुनालाही चुकली नाही. गीतेच्या शेवटी तो श्रीकृष्णाला सांगतो की माझा मोह गेला, मला स्मृती परत मिळाली. आपण बहुतेक जण तिथे पोथी मिटतो. पण महाभारत तिथे थांबत नाही. पुढे आश्वमेधिक पर्वात, युद्ध संपून गेल्यावर, इंद्रप्रस्थात दोघे निवांत असताना अर्जुन म्हणतो की युद्धाच्या वेळी तू जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. श्रीकृष्ण नाराज होतो. ते जसंच्या तसं पुन्हा सांगणं आता मलाही शक्य नाही, तेव्हा मी योगयुक्त होतो, असं म्हणतो आणि मग वेगळ्या रीतीनं उपदेश करतो. त्या भागाला अनुगीता म्हणतात. मला हा महाभारतातला फार धीर देणारा प्रसंग वाटतो. ऐकणारा अर्जुन, सांगणारा साक्षात श्रीकृष्ण, ठिकाण कुरुक्षेत्र, आणि तरीही ते ज्ञान टिकलं नाही. ते त्या क्षणाच्या तापलेल्या मनात उतरलं होतं. क्षण गेला तसं तेही गेलं. अनुभव केवढा मोठा होता यावर त्याचं टिकणं अवलंबून नसतं.

मग गेलेल्या आकड्याच्या जागी जुना आकडाच का येतो? ६५५३० का, दुसरा एखादा का नाही? याचं उत्तर मला न्यायशास्त्रात सापडलं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. फांदी वाकवून सोडली की पूर्ववत होते, गुंडाळलेली चटई पसरली तरी पुन्हा गुंडाळी घेते, हा स्थितिस्थापक संस्कार. अनुभवातून उपजतो आणि आठवणीला कारण होतो, तो भावना नावाचा संस्कार, आणि तो फक्त आत्म्यात असतो. कर्नेलपाशी भावना नाही. ४१२ दिवसांचा अनुभव त्याच्यात काहीही उमटवत नाही. त्याच्यापाशी फक्त स्थितिस्थापक आहे. हात काढला की ते आपल्या मूळ आकाराला परत जातं.

हा मूळ आकार वाईट नसतो, हेही सांगायला हवं. स्वॅपिनेसचंच घ्या. मेमरी कमी पडू लागली की फायलींचा साठा आधी सोडायचा की प्रोसेसची पानं डिस्कवर हलवायची, याचा कल ठरवणारं हे सेटिंग. कर्नेलमधला त्याचा मूळ आकडा ६०. डेटाबेस चालवणारी मंडळी तो खाली आणतात, कुणी १०, कुणी १. म्हणून ६० चुकीचा होत नाही. तो अशा माणसांनी ठरवलाय ज्यांना तुमचा सर्व्हर ठाऊक नाही, सगळ्यांचं बऱ्यापैकी भागावं म्हणून. आपली भूक, राग, आळस, तलप हेही असेच सर्वांसाठी ठेवलेले आकडे आहेत. त्यांच्यात पाप नाही. पण आपल्या वाट्याला आलेलं काम त्यांच्यावर भागत नाही, म्हणून ते बदलावे लागतात.

आता बदल टिकवायचा कसा, ते. त्या पहाटे मी ईटीसीमधल्या ‘सिसकंट्रोल डॉट डी’ या डिरेक्टरीत एक लहानशी फाइल केली. नावाआधी ६० हा क्रमांक दिला, आत तीच एक ओळ लिहिली, त्या फायलीचं नाव देऊन सिसकंट्रोल चालवलं, आकडा तपासला. २६२१४४. काम झालं असं समजून झोपलो. पुढच्या महिन्यात पुन्हा रीबूट केलं, आणि आकडा पुन्हा ६५५३०.

फाइल जागेवर होती. ओळ बिनचूक होती. मला दीड तास काही कळेना. मग पूर्ण रांग तपासली. मशीन उठताना सिस्टिमडी हा प्रोग्राम ही सगळी सेटिंगं फायलींच्या नावांच्या क्रमानं वाचतं, आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर शेवटी वाचलेलं लागू होतं. उबुंटूवर ईटीसीमधली जुनी सिसकंट्रोलची फाइल ९९ क्रमांकानं याच रांगेत जोडलेली होती, आणि तिच्या तळाशी कधीकाळी कुणीतरी ६५५३० लिहून ठेवलं होतं. माझी ६० क्रमांकाची फाइल प्रत्येक बूटला वाचली जात होती, आणि लगेच मागून आलेली जुनी ओळ ती पुसत होती. मी मात्र तपासताना फक्त माझीच फाइल वाचून घेतली होती.

लिहून ठेवलं की झालं, असं मानणाऱ्यांसाठीही आपल्याकडे म्हण आहे : पुराणातली वांगी पुराणात. नियम पोथीत आहे, पोथी देव्हाऱ्यात आहे आणि ताटात भलतंच आहे. स्मशानवैराग्य म्हणजे पोथीत न गेलेला निश्चय. पुराणातली वांगी म्हणजे ताटात न आलेला नियम. माझ्याकडून एकाच सर्व्हरवर महिन्याभरात दोन्ही घडलं. पहिल्यातून निसटण्यासाठी लिहावं लागतं. दुसऱ्यातून निसटण्यासाठी आपल्या आत आणखी कोणकोणत्या फायली आहेत, कुणी लिहिल्या आहेत आणि कोणती शेवटी वाचली जाते, हे धुंडाळावं लागतं. ‘अंते मती सा गती’ ही आपल्याकडची रोजच्या बोलण्यातली म्हण. गीतेच्या आठव्या अध्यायात हाच विचार येतो आणि त्याला जोडूनच उपाय येतो : शेवटी तेच आठवतं ज्याचं आयुष्यभर चिंतन केलं, म्हणून सर्वकाळ माझं स्मरण ठेव. शेवटची ओळ शेवटच्या क्षणी लिहिता येत नाही. ती आधीच जागेवर असावी लागते.

मी ९९ मधली जुनी ओळ काढली आणि मशीन मुद्दाम रीबूट केलं. आकडा राहिला. तेव्हापासून आमच्या टीममध्ये माझा दंडक आहे की मेमरीचं कोणतंही सेटिंग बदललं की सर्व्हर वापरात द्यायच्या आधी एकदा रीबूट करून बघायचं. नव्यानं आलेल्या एका मुलीनं परवा विचारलं, “सर, आकडा तर बरोबर दिसतोय, मग रीबूट कशाला?” मी म्हणालो, “आत्ता दिसतोय तो तू हातानं दिलेला. मशीन आपण होऊन काय वाचतं, ते बघू.”

आणि आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. सेटिंग ‘कायमचं’ करणं असं आम्ही बोलताना म्हणतो. पण बारकाईनं पाहिलं तर लिनक्समध्ये काहीही कायमचं होत नाही. कर्नेल दर वेळी कोरंच जन्माला येतं. दर वेळी त्याच्यापाशी ६५५३० च असतं. कायमपणा एवढाच असतो की दर जन्माला, अगदी सुरुवातीला, कुणीतरी ती फाइल उघडतं, वाचतं आणि लागू करतं. आकडा टिकत नाही, वाचणं टिकतं.

मराठीत ‘नित्य’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, ज्याला नाश नाही असं : आत्मा नित्य आहे. दुसरा, रोजचं : नित्यनेम, नित्यपाठ. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. मीमांसकांनी कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले. काही निमित्त घडलं म्हणून करायचं ते नैमित्तिक. रोज करायचं, ज्याचं वेगळं फळ मागायचं नाही पण जे चुकवलं तर दोष लागतो, ते नित्य. चितेत टाकलेली चंची नैमित्तिक होती. रात्री अडीच वाजता टाइप केलेली ओळही नैमित्तिकच. माळेवर ठेवलेला हात नित्य. आपल्यासारख्या नाशवंत माणसांना अविनाशी असं काही हाती लागायचं असेल, तर ते रोजच्याच रूपात लागेल, असं मला वाटतं. दुसरी वाट मला दिसत नाही.

वेळेचंही महत्त्व आहे. कर्नेलमध्ये ह्यूज पेजेस म्हणून सोय असते. मेमरीचं साधं पान ४ केबीचं, मोठं पान २ एमबीचं, म्हणजे सलग ५१२ साधी पानं. बरेच दिवस चाललेल्या मशीनवर ही मोठी पानं मागितली तर सलग जागाच मिळत नाही, कारण सगळी मेमरी तुकड्यातुकड्यांनी व्यापलेली असते. हजार मागितली तर मिळतील तेवढीच मिळतात, उरलेल्यांबद्दल कर्नेल अवाक्षर काढत नाही. तीच मागणी बूट होता होता केली तर सगळी मिळतात. नाना चहाच्याही आधी माळेवर हात का ठेवतात, हे मला यावरून कळलं. दिवस एकदा माणसांनी, फोननं, कामांनी भरला की मोठ्या गोष्टीला सलग जागा उरत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. रोज रोज तेच म्हटलं की ते यंत्रवत होतं. ओठ हलतात, मन भलतीकडे असतं. पतंजलींना हे ठाऊक होतं. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यास दृढ होण्यासाठी त्यांनी दीर्घकाळ आणि खंड न पडता या दोन अटींना तिसरी जोडली आहे : आदरानं. ही तिसरी अट मी माझ्या फायलीत पाळतो. सेटिंगच्या ओळीच्या वर, जाळीचं चिन्ह (#) देऊन, मी कारण लिहितो : हा आकडा का, कोणत्या दिवसापासून, नसला तर काय बंद पडतं. जाळीच्या चिन्हाची ओळ मशीन वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. ती माझ्या मागून येणाऱ्या माणसासाठी असते. कारण न लिहिलेली ओळ कशी असते ते मी ९९ क्रमांकाच्या फायलीत पाहिलं होतं. पाळली जाणारी, पण का ते कुणालाच ठाऊक नसलेली. पुष्कळशी कर्मकांडं अशीच झाली आहेत. नानांच्या अर्ध्या मिनिटात आप्पांची चिता असते. म्हणून ते कर्मकांड नाही.

इथेच यंत्र आणि माणूस वेगळे होतात. हजाराव्या बूटला फाइल वाचताना यंत्राला पहिल्यापेक्षा काही सोपं जात नाही. माणसाला जातं, कारण भावना नावाचा तो संस्कार आत्म्यात साठत जातो. मी नानांना विचारलं होतं, अजून तलप येते का. म्हणाले, “आता न्हाई येत. पर सोडतो.” तलप गेल्यावरही सोडत राहणं, ही गोष्ट मला कोणत्याही यंत्रात दिसलेली नाही.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड लावलेलं आहे. पुढच्या बाजूला लिहिलंय : मुलावर आवाज चढवायचा नाही. मागच्या बाजूला कारण : नऊचा पाढा अडला तेव्हा माझ्या ओरडण्यानं त्याच्या हातातली पेन्सिल थरथरली होती. सकाळी फोन हातात घेण्याआधी मी दोन्ही बाजू वाचतो. काही दिवस पाळलं जातं. काही दिवस संध्याकाळपर्यंत मोडतं, आणि ती रात्र जड जाते. तेव्हा मला सर्व्हरची एक गोष्ट आठवते. मशीन नीट बंद केलं होतं, की वीज जाऊन धाडकन पडलं होतं, याची चौकशी ती फाइल करत नाही. कालचा शेवट कसाही झालेला असो, सकाळी ती तशीच उघडली जाते आणि तोच आकडा पुन्हा सांगते.

सहाला गजर होतो. मी उठतो आणि कपाटाचं दार उघडतो.